सोबत कोण आहे?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कुठल्याही रुग्णालयात भरती व्हायला गेलं की खिडकीपलीकडून येणारा पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ असा नसतो. ‘सोबत कोण आहे?’ असा असतो. ‘कुणी नाही, मी एकटीच’ असं उत्तर दिलं की खिडकीतली मुलगी मान वर करून बघते आणि मग नवरा, मुलगा, भाऊ, पुतण्या अशी उतरती भाजणी सुरू होते. तीही संपली की ती म्हणते, ‘मग कुणालातरी बोलवून घ्या ना.’ तिचा दोष नाही. तिच्या पुढ्यातल्या फॉर्मवर नातेवाइकाच्या नावाचा एक चौकोन असतो आणि तो भरायचाच असतो, असं तिला सांगितलेलं असतं.

हा चौकोन रिकामा असणारी माणसं आता आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. मुलं परदेशी असलेले आईवडील, त्यातला एक जण मागे राहिलेला. लग्न न केलेल्या शिक्षिका, नर्सेस, बँकेतल्या बायका. घटस्फोट झालेले पुरुष, ज्यांच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. आणि लातूर-बीडकडून हिंजवडीत नोकरीला आलेली पंचविशीतली मुलंमुली, ज्यांचे आईवडील रात्रीच्या गाडीनं निघाले तरी सकाळी पोचणार. अपेंडिक्स काही सकाळपर्यंत थांबत नाही.

मी एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभागात काम केलं. हे पद काय असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, म्हणून सांगते. आपल्या देशात रुग्णालयात समाजसेवक नेमण्याची सुरुवात १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. रुग्णाच्या आजाराखेरीज जे जे काही असतं, म्हणजे पैसा, घर, नाती, भीती, ते बघणं हे आमचं काम. मी स्वतः एकटीच राहते. दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, तेही एकटीनंच निभावलं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

एका गृहस्थांची हकिकत आधी सांगते. निवृत्त मुख्याध्यापक, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. त्यांना हर्निया होता, म्हणजे आपण अंतर्गळ म्हणतो तो. डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. साधं, दोन दिवसांचं काम. चार वर्षं त्यांनी ते पुढे ढकललं. पैसे होते, विमा होता, ऑपरेशनची भीतीही फारशी नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘अहो बाई, सही कोण करणार? रात्री कोण झोपणार? कुणाच्या तोंडाकडे बघायचं?’ शेवटी एका पहाटे आतडं त्या गळाला अडकलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला आणि शेजाऱ्यांनी त्यांना उलट्या करत असलेल्या अवस्थेत आणलं. आतड्याचा तुकडा कापावा लागला. दोन दिवसांऐवजी सतरा दिवस झाले. वाचले, पण एका चौकोनापायी जिवावर बेतलं होतं.

म्हणून आधी त्या सहीविषयीच बोलू.

आपल्याकडे सर्वांना वाटतं की ऑपरेशनला नातेवाइकाची सही कायद्यानं लागते. सज्ञान माणूस शुद्धीवर असेल, त्याला समजत असेल, तर त्याच्या शरीरावरच्या उपचाराला संमती त्याचीच लागते. दुसऱ्या कुणाची चालत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई, दुर्बिणीतून तपासणीसाठी तिला भूल दिलेली. ती टेबलावर बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले. हेतू उपचाराचाच होता. न्यायालय म्हणालं, तिच्या जिवाला त्या क्षणी धोका नव्हता, ती थोड्या वेळानं शुद्धीवर येणार होती, मग तिला विचारायला हवं होतं; आईची संमती ही तिची संमती नव्हे. जन्मदात्या आईचीही नाही! तर मग चुलत पुतण्याच्या सहीचं काय घेऊन बसलात? आणि जीव धोक्यात असेल, रुग्ण बेशुद्ध असेल, विचारायला कुणी नसेल, तर डॉक्टरांनी सहीवाचून उपचार करावेत, अशीच कायद्याची अपेक्षा आहे.

मग रुग्णालयं नातेवाईक मागतात ते कशासाठी? या प्रश्नाचा मी नोकरीत असताना बराच विचार केला. ‘सोबत’ हा एकच शब्द आहे, पण त्यात चार वेगवेगळी कामं दडलेली असतात. एक म्हणजे पैशांची हमी. दुसरं धावपळ: औषधं आणणं, रिपोर्ट नेणं, रक्ताची व्यवस्था. तिसरं रात्री उशाशी बसणं. आणि चौथं, तुम्ही शुद्धीवर नसाल आणि अचानक काही ठरवायची वेळ आली तर ठरवणं. भरल्या घरात ही चारही कामं एकटा मुलगा किंवा सून करते, त्यामुळे ती चार आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही. एकट्या माणसाला ती चौघांत वाटता येतात. आणि चौघांपैकी प्रत्येकाला थोडंच करायचं असल्यामुळे कुणी नाही म्हणत नाही.

माझ्या वेळी मी हेच केलं. हमी माझ्याच खात्यातून दिली. धावपळीला आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते सात एवढाच. रात्रीला ब्यूरोची बाई. आणि निर्णयासाठी माझी एक जुनी सहकारी, जिला मी काय हवं-नको ते आधीच बसून सांगितलं होतं. नागपूरच्या भाचीला फक्त फोनवर खबर द्यायची, एवढंच काम. ती रडत होती, ‘मावशी, मी येते’ म्हणत होती. मी म्हटलं, आत्ता नको, डिस्चार्जनंतर पाचव्या दिवशी ये, तेव्हा खरी गरज असते. भरतीच्या खिडकीवर यावरून थोडी खडाजंगी झाली. ‘ब्लड रिलेशन’च हवं, असं तिथल्या बाई म्हणत होत्या. मी वैद्यकीय अधीक्षकांना भेटायचंय म्हणून सांगितलं आणि संमतीच्या कागदावर माझी सही, शिवाय ‘संपर्कासाठी व्यक्ती’ म्हणून मैत्रिणीचं नाव, असं पंधरा मिनिटांत मिटलं. हे भांडण भरतीच्या दिवशी करू नये. ऑपरेशन ठरलेलं असेल तर चार दिवस आधी जाऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा पेशंट रिलेशनच्या टेबलावर भेटावं. ‘मी एकटी राहते, माझी व्यवस्था अशी अशी आहे’ हे सांगून ठेवावं, शक्य तर केस पेपरवर लिहून घ्यावं.

आता मदत मागण्याविषयी. आपली मध्यमवर्गीय भीड फार विचित्र असते. लग्नाच्या पंगतीला चारशे माणसं बोलवायला आपल्याला संकोच वाटत नाही, पण शेजारणीला ‘मंगळवारी माझ्याबरोबर येशील का?’ हे विचारताना जीभ टाळ्याला चिकटते. आणि विचारतो तेही मोघम: ‘काही लागलं तर सांगेन हं!’ ती म्हणते, ‘सांगा हं काकू!’ दोघींनाही ठाऊक असतं की कुणी काही सांगणार नाही. त्यापेक्षा काम मोजून मागावं. ‘मंगळवारी सकाळी सात ते अकरा थांबशील का, मला थिएटरमध्ये नेईपर्यंत?’ ‘पाच दिवस दूध तुझ्याकडे टाकायला सांगू का?’ अशा प्रश्नाला हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर येतं आणि नाही आलं तरी राग येत नाही.

शेतकऱ्यांमध्ये सावड नावाची पद्धत आहे. आज माझ्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या तुझ्या. पैसे नाहीत, उपकार नाहीत, फक्त फेड आहे. आमच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आम्ही तिघी आहोत. माझ्या ऑपरेशननंतर आम्ही दवाखान्याची सावड सुरू केली. प्रत्येकीच्या घराची एक किल्ली दुसरीकडे असते. प्रत्येकीची एक जाड फाईल असते, ती कपाटात कुठल्या खणात आहे हे दोघींना माहीत असतं. फाईलमध्ये आधार कार्डाची प्रत, विम्याचं कार्ड, रक्तगट, चालू असलेल्या गोळ्यांची नावं आणि प्रमाण, कुठल्या औषधाची ॲलर्जी, जुने रिपोर्ट, आणि कुणाला फोन करायचे ते क्रमानं. फोन नंबर कागदावर लिहिलेले हवेत. मोबाइलला कुलूप असतं आणि तुम्ही बेशुद्ध असलात तर ते कोण उघडणार?

गोळ्यांचं एक सांगते, कारण इथे गफलत फार होते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन, हे ऑपरेशनआधी कधी थांबवायचं, हे भूलतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं. आपलं आपण बंदही करायचं नाही आणि चालूही ठेवायचं नाही. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काढे जे काही घेत असाल तेही सांगायचं. उपाशी राहण्याची वेळ लिहून घ्यायची. साधारणपणे घन अन्न सहा तास आधी आणि पाणी दोन तास आधी बंद, असं असतं, पण तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ तीच खरी. घरी सोबत कुणी असलं की ते चहाचा कप हातातून काढून घेतात. एकट्या माणसानं स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठी लावावी. मी लावली होती.

पैशांकडे वळू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ऑपरेशनच्या जखमेपेक्षा बिलाची जखम भरायला जास्त दिवस लागलेले मी पाहिलेत.

विमा असेल तर पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, हे पहिल्यांदा बघा. समजा, पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही विचार केला, एकटीच आहे, जरा बरी खोली घेऊ, आणि ८,००० ची घेतली. तुम्हाला वाटतं की फार तर रोजचे ३,००० खिशातून जातील. तसं होत नाही. अशा पॉलिसीत सर्जनची फी, भूल, थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, आठातले पाच. हे खर्च मिळून १,६०,००० झाले तर विमा कंपनी १,००,००० देणार आणि ६०,००० तुमचे. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणं यांना ही कात्री लावता येत नाही. पण बाकीची कात्री पुरेशी धारदार असते. भरतीच्या खिडकीवर खोली निवडायला दोन मिनिटं मिळतात आणि पोटात कळा येत असतात. म्हणून हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कॅशलेसविषयी लोकांच्या तक्रारी असायच्या की मंजुरीला दिवस जातो आणि डिस्चार्जला संध्याकाळ होते. विमा नियामक प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर तासाभरात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयानं त्यापायी जादा आकार लावला तर तो विमा कंपनीनं सोसायचा. नियम असा आहे. प्रत्यक्षात फाईल रुग्णालयाच्याच टेबलावर पडून असते आणि कंपनीपर्यंत पोचलेलीच नसते, असंही होतं. तेव्हा ‘किती वाजता पाठवली?’ हा प्रश्न विचारायचा. सोबत माणूस असेल तर तो चार वेळा खिडकीवर जाऊन विचारतो. एकट्या रुग्णानं पलंगावरून फोन करायचा, विमा कंपनीच्या क्रमांकावर थेट. दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे, मुंबईतही. फी नाही, वकील लागत नाही.

रोजचं बिल रोज मागा. शेवटच्या दिवशी हातात बारा पानं आली की माणसाला फक्त खालचा आकडा दिसतो. मी रोज संध्याकाळी दिवसभराचं बिल मागवायची. तिसऱ्या दिवशी त्यात फिजिओथेरपीच्या दोन भेटी निघाल्या. मला कुणी फिजिओथेरपिस्ट भेटायला आलाच नव्हता. बिलिंगच्या मुलानं निमूटपणे त्या काढल्या. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम २०२१ साली बदलले, त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं खाजगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ते वाचायला कुणी थांबत नाही. गुडघा बदलायचा असेल किंवा हृदयात स्टेंट घालायचा असेल तर २०१७ पासून या दोन्हींच्या कमाल किमती सरकारनं ठरवून दिलेल्या आहेत, हेही लक्षात असू द्या. आणि बिल थकलं म्हणून माणसाला अडकवून ठेवता येत नाही. वसुलीचे कायदेशीर मार्ग त्यांना मोकळे आहेत, पण माणूस तारण ठेवायची वस्तू नाही.

आता एकट्या माणसाची खरी अडचण. पैसे असतात, पण काढायचे कुणी? आमच्या रुग्णालयात एक बाई अतिदक्षता विभागात होत्या. बँकेत ठेवी होत्या, चांगल्या घसघशीत. भावाच्या मुलाला नॉमिनी केलेलं. तो बिचारा पासबुक घेऊन बँकेत गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो. जिवंतपणी त्याला एक रुपया काढता येत नाही. शेवटी शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. ठेवीदार बाईंसाठी वर्गणी! म्हणून विश्वासातलं एक माणूस असेल तर एका लहान खात्यात, फक्त दवाखान्याच्या पैशांपुरतं, ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीनं नाव जोडून ठेवावं. सगळी पुंजी त्यात ठेवायची गरज नाही. मुखत्यारपत्र केलं असेल तर तुम्ही शुद्धीवर असताना ते उपयोगी पडतं; पण करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मनोवस्था ढासळली की ते संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा दगा देऊ शकतं. तुम्ही शुद्धीवर आहात पण सही करण्याइतकी ताकद नाही, अशा वेळी मात्र रिझर्व्ह बँकेनं सोय ठेवलेली आहे. हाताचा किंवा पायाचा अंगठाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. बँकेला फोन करून अधिकाऱ्याला बोलवता येतं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

रुग्णालयाला एकाच दिवशी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, २०१७ पासून हा नियम आहे. तेव्हा पिशवीत नोटा घेऊन जाण्यात अर्थ नाही, आणि एकट्या माणसानं तर मुळीच नेऊ नयेत. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला, पण तुमच्या बँकेनं तुमच्या खात्याला कमी मर्यादा लावलेली असू शकते. ती आधी तपासा.

आणि पैसेच नसतील तर? वय सत्तर किंवा त्याहून अधिक असेल तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेचं दार उत्पन्नाची अट न लावता उघडलं आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. त्याचं कार्ड आधारवर निघतं. ते ताप आल्यावर काढू नका, आत्ता काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार जुलै २०२४ पासून झाला, तीही शिधापत्रिकेवर मिळते. एकट्या माणसांची शिधापत्रिका बहुधा गावी, भावाच्या नावाखाली असते. ती सोडवून घेण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण करून टाका. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाची व्यक्ती बसते, तिला गाठायचं. शिवाय धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. मागितल्याशिवाय त्या दिसत नाहीत, एवढं मी अनुभवानं सांगू शकते. समाजसेवा अधीक्षक याच कामाला असतात. त्यांच्या दाराशी संकोच करू नका. आमची निम्मी नोकरी संकोच करणाऱ्यांना आत बोलावण्यात गेली.

ऑपरेशनचा दिवस तसा लवकर सरतो. दागिने, अंगठी, कवळी, चष्मा हे कुणाकडे द्यायचं ते आधी ठरवा, नाहीतर घरीच ठेवून या. मोबाइलचा चार्जर लांब वायरीचा न्या. भिंतीतला प्लग नेहमी पलंगापासून दोन हात लांब असतो, असा माझा सिद्धान्त आहे.

रात्र मात्र सरत नाही. शेजारच्या खाटेपाशी त्यांची लेक पाय चेपत बसलेली असते आणि आपण छताकडे बघत असतो. त्या वेळी वाईट वाटतं, ते वाटू द्यावं. पण एक धाडस करू नये: एकट्यानं उठून बाथरूमला जाऊ नये. भुलेचा अंमल, रिकामं पोट, कमी झालेला रक्तदाब, त्यात ओली फरशी. घंटा वाजवा. सिस्टर यायला वेळ लागला तर पुन्हा वाजवा. ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून उठलेल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलेल्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. पहिल्या दोन रात्रींपुरती तरी ब्यूरोची बाई किंवा मामा ठेवावा. दर प्रत्येक ब्यूरोचा वेगळा असतो, त्यामुळे बारा तासांचे की चोवीस तासांचे, जेवण कुणाचं, सुट्टी घेतली तर बदली कोण, हे फोनवर ठरवून घ्यावं. आणि त्या बाईला नावानं हाक मारावी. ती रोज नव्या माणसाच्या उशाशी रात्र काढते. माझ्याकडे आलेली बाई सोलापूरकडची होती, तिनं पहाटे तीन वाजता मला तिच्या सासूच्या अशा गोष्टी सांगितल्या की टाके दुखेपर्यंत हसले.

भेटायला येणाऱ्यांविषयी न बोललेलं बरं. शहाळी मात्र पुष्कळ जमतात.

लोक समजतात, घरी आलो की सुटलो. एकट्या माणसाची परीक्षा घरी सुरू होते. पहिले दहा दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही. म्हणून जाण्यापूर्वीच रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवाव्यात: चहा-साखरेचे डबे, पातेलं, दोन गाऊन, औषधं. पाण्याचा हंडा भरता येणार नाही, लहान तांब्या-जग ठेवावेत. बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल. डबा आधी सांगून ठेवावा, पथ्याचा, बिनतिखटाचा. आतून कडी लावू नये. लॅचची एक किल्ली बाहेर असलीच पाहिजे. दार फोडून आत शिरायची वेळ येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. सकाळी ठरावीक वेळी एक फोन ठेवावा. आमच्यात साडेसातची वेळ आहे. पावणेआठपर्यंत फोन आला नाही तर दुसरी किल्ली घेऊन वर जाते. ताप, जखमेतून स्राव, पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं, यांतलं काही झालं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. आणि दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ १०८. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तीही फ्रिजवर लिहून ठेवा.

डिस्चार्ज कार्ड रुग्णालयातच वाचा आणि न समजलेला शब्द तिथेच विचारा. पैसे स्वतः भरले असतील आणि विम्याकडे मागायचे असतील तर मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येकाची झेरॉक्स काढा, अगदी साठ रुपयांच्या सलाइनच्या पावतीचीही.

एक विषय आपण टाळतो. बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर किती दिवस ठेवायचं, हे भरल्या घरात मुलं भांडून का होईना ठरवतात. एकट्या माणसाचं कोण ठरवणार? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी करत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानंच ते सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात तुमच्या वतीनं बोलणाऱ्या माणसांची नावं घालता येतात. ती नातेवाईकच असली पाहिजेत असं नाही, विश्वासातली व्यक्तीही चालते. एकट्या राहणाऱ्यांना याहून मोठी सोय दुसरी नाही. मी माझं केलंय. ज्या मैत्रिणीचं नाव घातलं तिला आधी घरी बोलावलं, थालीपीठ खायला घातलं आणि मग कागद पुढे केला. ती म्हणाली, ‘आता कळलं थालीपिठावर एवढं लोणी का होतं!’ पण दोन तास बसलो, आणि बाहेरून कुणाला वाटलं नसतं की आम्ही मरणाविषयी बोलत होतो, इतक्या आम्ही हसत होतो.

आमच्या सावडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं पुढच्या गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याच दिवशी घरी सोडणार आहेत. डोळ्यात थेंब घालायचं वेळापत्रक तिसरीनं करून भिंतीवर लावलंय. सकाळची पाळी माझी आहे. रिक्षा साडेसहाला सांगितली आहे.